राज्यस्तरीय युवा नेतृत्व शिबिराचे यजमानपद : महाविद्यालयाने करावयाची तयारी

राष्ट्रीय सेवा योजनेचे राज्यस्तरीय नेतृत्व शिबिर आपल्या महाविद्यालयाला मिळाल्याचे पत्र आले की आनंदाच्या भरात पहिली चर्चा मंडपाची आणि पाहुण्यांची होते. ही चर्चा महिनाभर पुढे ढकलावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्याआधी प्राचार्य, कार्यक्रम अधिकारी आणि किमान दहा विद्यार्थी स्वयंसेवक यांनी एकत्र बसून एकाच प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे : पाच दिवसांनंतर परत जाणाऱ्या मुलामुलींना काय करता आले पाहिजे? उत्तर ‘त्यांना नेतृत्वाची प्रेरणा मिळाली पाहिजे’ एवढेच असेल, तर शिबिर भाषणांनी भरून जाईल. उत्तर ‘त्यांना सभा चालवता आली पाहिजे, तिचे इतिवृत्त लिहिता आले पाहिजे, मतभेद असलेल्या गटाकडून एक निर्णय करून घेता आला पाहिजे आणि शासकीय कार्यालयात लेखी अर्ज देता आला पाहिजे’ असे असेल, तर वेळापत्रकापासून खोल्यांच्या वाटपापर्यंत पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात.

या लेखात हिशेबासाठी ३०० शिबिरार्थी, त्यांच्यासोबत आलेले सुमारे ४० संघव्यवस्थापक प्राध्यापक आणि यजमान महाविद्यालयाचे ६० स्वयंसेवक, म्हणजे एकूण ४०० माणसे आणि पाच दिवसांचे निवासी शिबिर असे धरले आहे. आपली संख्या वेगळी असेल, तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत.

तारखा आणि पत्रव्यवहार

डिसेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. बहुतेक ठिकाणी प्रथम सत्राच्या परीक्षा उरकलेल्या असतात, दिवाळीची गर्दी ओसरल्याने एसटी आणि रेल्वेत जागा मिळते आणि ओढ्यांना अजून पाणी असल्याने श्रमदानाला खरे काम सापडते. तारखा नक्की करण्यापूर्वी विद्यापीठांच्या परीक्षांचे वेळापत्रक, जिल्ह्यातील संभाव्य निवडणुकांची आचारसंहिता आणि गावची जत्रा या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. निवडणूक लागली तर वर्गखोल्याही मतदानासाठी जाऊ शकतात आणि प्राध्यापकही.

निमंत्रणपत्रे किमान अडीच महिने आधी सर्व विद्यापीठांच्या राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) विभागांकडे पोहोचली पाहिजेत, आणि यामागे नेमके कारण आहे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. विद्यापीठाने पत्र महाविद्यालयांना पाठवणे, तेथे निवड होणे, पालकांची संमती मिळणे यात दोन आठवडे सहज जातात. गडचिरोलीहून सिंधुदुर्गात यायचे तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. अशा विद्यार्थ्यांचे आरक्षण हुकले, तर ते दोन रात्री अवघडून प्रवास करतात आणि शिबिराचा पहिला दिवस त्यांच्या वाट्याला येतच नाही.

निमंत्रणपत्रातच निवडीची अट स्पष्ट लिहावी. दरवर्षी त्याच त्या वक्तृत्वस्पर्धा गाजवणाऱ्या मुलांची नावे पाठवली जातात. प्रत्येक विद्यापीठाच्या संघात निम्म्या मुली असाव्यात, निम्म्याहून अधिक विद्यार्थी पूर्वी कोणत्याही राज्यस्तरीय शिबिराला न गेलेले असावेत आणि प्रत्येकाने महाविद्यालयाचे सातदिवसीय विशेष शिबिर पूर्ण केलेले असावे, एवढ्या तीन अटी पुरेशा आहेत. तिसरी अट महत्त्वाची आहे, कारण गावात सात दिवस राहून आलेल्या मुलाला सामूहिक निवासाची, झाडलोटीची आणि पंगत वाढण्याची सवय झालेली असते. त्याच्यावर जबाबदारी टाकता येते.

यजमान स्वयंसेवकांच्या हाती कारभार

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आज दुसऱ्या वर्षाला असलेला आपला स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास सेवेचे उद्दिष्ट घेऊन या योजनेत आलेला असतो. एवढ्या अनुभवी मुलांना शिबिरात केवळ खुर्च्या लावायला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला उभे करणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. निवास, भोजन, पाणी व स्वच्छता, नोंदणी, वाहतूक, आरोग्य, सत्रे, दस्तऐवजीकरण अशा समित्या कराव्यात आणि प्रत्येक समितीचा प्रमुख विद्यार्थीच असावा. प्राध्यापक त्या समितीचा सल्लागार असावा. पैशाची मंजुरी, सुरक्षितता आणि आरोग्य या तीन बाबींत अंतिम शब्द प्राध्यापकाचा राहील. बाकी सर्व निर्णय समितीने घ्यावेत आणि एका वहीत तारखेसह लिहावेत.

प्राध्यापकांना हे जड जाते, याची मला जाणीव आहे. विद्यार्थी आचाऱ्याशी बोलायला गेला की त्याला दर समजत नाही, मंडपवाल्यासमोर तो गडबडतो आणि आपल्याला वाटते की पाच मिनिटांत मीच फोन करून टाकतो. तो मोह आवरावा. त्याला तीन दरपत्रके आणायला सांगावे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायला लावावा आणि कोणाला काम द्यावे व का द्यावे, हे समितीसमोर मांडायला सांगावे. शिबिर सुरू होण्यापूर्वीच यजमान महाविद्यालयात नेतृत्वाचे प्रशिक्षण सुरू झालेले असते ते असे. एका शिबिरात पाण्याची सगळी जबाबदारी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडे होती. तिने टाक्यांची मापे घेऊन रोज किती पाणी लागेल आणि कोणत्या वेळी मोटार चालू करावी लागेल, याचा तक्ता भिंतीवर लावला होता. पाचही दिवस एकाही नळाला पाणी नाही, असे झाले नाही.

पाणी, स्नानगृहे आणि शौचालये

शिबिराची खरी परीक्षा पहाटे पाच ते सात या दोन तासांत होते. एका स्नानाला आठ मिनिटे धरली, तर एका स्नानगृहात दोन तासांत पंधरा जणांची अंघोळ होते. दीडशे मुलींसाठी दहा स्नानगृहे लागतील, हा साधा भागाकार आहे. मात्र वसतिगृहात सहा आहेत ‘तेवढ्यात भागेल’ असे म्हणून तो टाळला, तर सकाळचे पहिले सत्र रोज पाऊण तास उशिरा सुरू होईल. कमी पडणारी स्नानगृहे पत्र्याची, पक्क्या कडीची, आतून दिवा असलेली आणि पाण्याचा निचरा होईल अशा उतारावर उभारावीत. मुलींसाठी पंधरा जणींमागे एक आणि मुलांसाठी वीस जणांमागे एक, या प्रमाणात शौचालये धरावीत. मुलींच्या प्रत्येक शौचालयात झाकण असलेली कचरापेटी आणि जवळच सॅनिटरी पॅडचा साठा असावा. तो मागावा लागू नये.

दरडोई ५० लिटर धरले, तर ४०० माणसांना रोज २०,००० लिटर पाणी लागते. साठवणक्षमता याच्या दीडपट असावी, कारण वीज गेली की मोटार बंद पडते आणि टँकर सांगितलेल्या वेळी येईलच असे नाही. पिण्याच्या पाण्याचा नमुना शिबिरापूर्वी तीन आठवडे शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, म्हणजे दोष निघाला तर उपायाला वेळ राहतो. शिबिराच्या काळात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो ती क्लोरीन तपासण्याची ओटी चाचणी रोज सकाळी करावी. नळाच्या टोकाला पाण्याला पिवळसर छटा आली, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर ते पाणी पिण्यासाठी वापरू नये.

निवास

वर्गखोल्यांत बाके हलवून गाद्या टाकायच्या असतील, तर साधारण २० बाय २५ फुटांच्या खोलीत १५ जणांपेक्षा अधिक जण ठेवू नयेत. सामान आणि ये-जा यांसाठी जागा लागतेच. एका खोलीत एकाच विद्यापीठाची मुले ठेवण्याची पद्धत मोडावी, असे माझे ठाम मत आहे. नंदुरबारचा, लातूरचा आणि रत्नागिरीचा मुलगा शेजारी झोपले, तर रात्रीच्या गप्पांतच अर्धे शिबिर होते. मुलींच्या बाबतीत मात्र एका विद्यापीठाच्या किमान दोघी एका खोलीत असाव्यात. घरापासून प्रथमच इतक्या दूर आलेल्या मुलीला तो आधार असतो.

मुलींचा निवास एकाच इमारतीत, शक्यतो वरच्या मजल्यावर असावा. प्रवेशद्वार एकच असावे आणि तेथे रात्रभर महिला प्राध्यापिका व महिला सुरक्षारक्षक असाव्यात. लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळणाऱ्या, महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांनी पहिल्याच संध्याकाळी शिबिरार्थींसमोर उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी आणि तक्रार कशी करायची ते सांगावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार ही समिती महाविद्यालयात असतेच, पण बाहेरगावच्या मुलीला ती ठाऊक नसते. शिबिरार्थींचे मोबाइल क्रमांक असलेली यादी कोणत्याही व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. ती नोंदणी समितीच्या दोन व्यक्तींकडेच राहावी.

डिसेंबरमध्ये पहाटे थंडी असते. अंगावर घ्यायला काय आणावे, हे निमंत्रणपत्रात लिहिले असले तरी तीस-चाळीस जण काहीच न आणता येतात. तेवढ्या चादरी आणि ब्लँकेटे जास्तीची भाड्याने घ्यावीत.

आरोग्य

नोंदणी अर्जासोबत आरोग्याची माहिती मागवताना ‘काही आजार आहे का’ असा मोघम प्रश्न विचारला, तर सगळे ‘नाही’ असे लिहितात. दमा, फिट येणे, मधुमेह, हृदयविकार, औषधाची अॅलर्जी आणि सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. विदर्भातील आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा विद्यार्थ्याला पहाटे गार पाण्याने अंघोळ, उन्हातले जड श्रमदान आणि तहान मारून बसणे यांपासून दूर ठेवले पाहिजे. तेही चारचौघांत त्याचे नाव न घेता. आरोग्य समितीने त्याला मोजमाप घेण्याचे किंवा नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला महिनाभर आधी पत्र द्यावे आणि सर्पदंशावरील लस तेथे उपलब्ध आहे का, हे स्वतः जाऊन विचारावे. आवारात रात्रंदिवस एक वाहन चालकासह उभे असावे. १०८ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक खोलीच्या दारावर लावावेत आणि त्याखाली आपल्या आवाराचा नेमका पत्ता व जवळची खूण लिहावी. बाहेरगावचा मुलगा घाबरलेल्या अवस्थेत फोन करतो, तेव्हा त्याला क्रमांक आठवतो, पण आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही.

भोजन

आचारी निवडताना त्याच्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी आहे ना, एवढे पाहून थांबू नये. त्याने सलग पाच दिवस ४०० माणसांचे तीन वेळचे जेवण केले आहे का, हे विचारावे. एका लग्नाचे जेवण उत्तम करणारा आचारी तिसऱ्या दिवशी थकतो. नाश्त्याला पोहे असतील, तर माणशी ६५ ग्रॅम धरून २६ किलो कोरडे पोहे लागतात. भात आणि पोळी दोन्ही असेल, तर एक किलो तांदूळ दहा-बारा जणांना पुरतो. तिखटाबाबत मध्यम मार्ग धरावा आणि ठेचा वेगळा ठेवावा. खानदेश-विदर्भातल्या मुलांना सौम्य जेवण बेचव लागते आणि कोकणातल्या मुलांना भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, हे दोन्ही मनात ठेवून पाच दिवसांचा बेत भोजन समितीने आखावा. उपवास, कांदा-लसूण वर्ज्य असणे यांची माहिती नोंदणीतच घ्यावी. वाढण्याच्या चार रांगा ठेवल्या, तर ४०० जणांचे ताट वीस मिनिटांत भरते. दोनच ठेवल्या तर पुढच्या सत्राला निम्मी मुले पोहोचत नाहीत.

प्राध्यापक आणि पाहुणे यांची पंगत वेगळी करू नये. सर्वांनी एकाच रांगेत उभे राहावे. समतेवरचे एक सत्र कमी झाले तरी चालेल, पण हे पाळले जावे.

नोंदणी आणि पहिली रात्र

बहुतेक संघ पहिल्या दिवशी दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत येतात. प्रत्येकाला चार मिनिटे लागली, तर ३०० जणांचे वीस तास होतात. सहा टेबले लावली की ते काम सव्वातीन-साडेतीन तासांत संपते. अर्ज आधीच भरून घेतलेले असल्याने टेबलावर फक्त ओळखपत्र, पालकांचे संमतीपत्र आणि खोलीचा क्रमांक एवढेच व्हावे. एसटी स्थानकावर आणि रेल्वे स्थानकावर फलक घेऊन उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांची पाळी पहिल्या दिवशी पहाटेपासून शेवटची गाडी येईपर्यंत असावी. रात्री उशिरा पोहोचणाऱ्या संघासाठी गरम जेवण राखून ठेवावे. हजार किलोमीटर प्रवास करून आलेल्या मुलाला या महाविद्यालयाची पहिली आठवण गार भाताची राहू नये.

सत्रांची आखणी

उद्घाटन ७५ मिनिटांत संपवावे आणि तसे निमंत्रणपत्रिकेवर छापावे. सत्काराला शाल-श्रीफळाऐवजी एक रोप किंवा एक पुस्तक पुरते, आणि प्रत्येक पाहुण्याचा परिचय चार वाक्यांत होतो. मंचावर गेलेला वेळ मुलांच्या वाट्यातून गेलेला असतो. सभागृहात एक तासाचे व्याख्यान झाले, तर ३०० पैकी फार तर पाच जण प्रश्न विचारतात. तोच तास बारा-बारा जणांच्या पंचवीस गटांना दिला, तर प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटे मिळतात. म्हणून दिवसाला एकच बौद्धिक ठेवावे आणि उरलेला वेळ गटांना द्यावा. गटांना राज्यातील नद्यांची नावे द्यावीत, प्रत्येक गटात शक्य तितक्या वेगवेगळ्या जिल्ह्यांची मुले असावीत आणि गटप्रमुख रोज बदलावा, म्हणजे पाच दिवसांत प्रत्येक गटात पाच जण प्रमुख होतात.

या गटांत एक अडचण हमखास येते. शहरी महाविद्यालयांतली आणि प्रमाणभाषा सहज बोलणारी मुले चर्चा ताब्यात घेतात. अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली किंवा मालवणी बोलणारा मुलगा आपली भाषा हसण्यावारी जाईल या धास्तीने गप्प बसतो, आणि घरी कोरकू, गोंडी वा पावरी बोलणाऱ्या मुलीला तर मराठीत विचार जुळवायलाही अवधी लागतो. यासाठी दोन नियम करावेत : पहिल्या फेरीत प्रत्येकाने बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही, आणि बोलण्यापूर्वी सर्वांनी दोन मिनिटे शांत बसून आपला मुद्दा कागदावर लिहायचा. आपापल्या बोलीत बोलण्याची मुभा गटप्रमुखाने आरंभीच जाहीर करावी.

मला सर्वाधिक उपयुक्त वाटलेले सत्र अभिरूप ग्रामसभेचे आहे. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढे मतदार हजर असावे लागतात. ही माहिती फळ्यावर लिहून मुलांना पाठ होत नाही. तीन गटांची मिळून एक ग्रामसभा करावी. सरपंच, ग्रामसेवक, बचत गटाच्या महिला, भूमिहीन मजूर, विहिरीसाठी अनुदान मागणारा शेतकरी अशा भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात आणि खरा वाटावा असा एक पेच समोर ठेवावा : पाण्याची नवी टाकी गावठाणात बांधायची की वस्तीजवळ? दीड तासात ठराव होऊन त्याचे इतिवृत्त लिहून झाले पाहिजे. त्यानंतर मेंढा-लेखा या गडचिरोली जिल्ह्यातील गावाने सर्वसहमतीच्या निर्णयपद्धतीने आणि अभ्यासगटांच्या आधारे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क कसा मिळवला, याचे कथन ठेवले, तर मुले ते वेगळ्या कानांनी ऐकतात, कारण सहमती घडवणे किती कठीण असते याचा अनुभव त्यांनी नुकताच घेतलेला असतो.

दुसरे सत्र अर्जलेखनाचे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्क भरून कोणालाही करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण ‘माझ्या गावातील रस्ता का झाला नाही’ हा प्रश्न आणि ‘या रस्त्याच्या कामाच्या मंजुरी आदेशाची प्रत मिळावी’ ही मागणी यांतला फरक लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येकाने आपल्या गावाविषयी एक अर्ज लिहून शेजाऱ्याकडून तपासून घ्यावा.

श्रमदान

तीनशे तरुण एका ठिकाणी एकाच वेळी काम करू शकत नाहीत. निम्मे उभे राहतात आणि श्रमदानाचे छायाचित्रण होते. तीन तुकड्या करून तीन दिवस, रोज शंभर जण अशी विभागणी करावी. उरलेल्यांनी त्या वेळी सर्वेक्षण आणि गटकार्य करावे. डिसेंबरच्या आरंभी ओढा वाहता असेल, तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालणे हे उत्तम काम आहे. जागा कृषी सहायकाला दाखवून ठरवावी, ग्रामपंचायतीचे संमतीपत्र घ्यावे आणि कुदळी, फावडी, घमेली आधी मोजून आणावीत. गावातील माणसे सोबत काम करणार नसतील, तर ते गाव निवडू नये. बंधारा फुटल्यावर तो पुन्हा बांधणारे तेच असतात.

सांस्कृतिक संध्याकाळ, हिशेब आणि निरोप

ध्वनिवर्धकाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदी असते, त्यामुळे कार्यक्रम सातला सुरू करून साडेनऊला संपवावा. पोलिस ठाण्याची परवानगी लेखी घ्यावी.

प्रमाणपत्रे आधी छापून ठेवू नयेत. तिसऱ्या दिवशी नावांची यादी प्रत्येक खोलीत फिरवून ज्याचे नाव त्यानेच तपासून स्वाक्षरी करावी आणि मग छपाईला द्यावे. चुकीच्या आडनावाचे प्रमाणपत्र मुलाला नोकरीच्या फाइलमध्ये लावता येत नाही.

हिशेबाची पावती रोज रात्री नोंदवली गेली पाहिजे. शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांत आचारी, मंडपवाला, वाहनचालक यांची बिले चुकती करावीत आणि निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र विद्यापीठाकडे पाठवावे. छोट्या व्यावसायिकाचे पैसे महिनोन्महिने थकवणाऱ्या महाविद्यालयाला पुढच्या वेळी तो माणूस दारात उभे करत नाही, आणि ते योग्यच आहे.

शेवटच्या सकाळी प्रत्येक शिबिरार्थीने एका पानावर लिहावे : माझ्या गावात किंवा वस्तीत येत्या ९० दिवसांत मी कोणते एक काम करीन, त्यासाठी कोणाला भेटेन आणि पहिली भेट कोणत्या तारखेला घेईन. एक प्रत त्याच्याकडे, एक आपल्याकडे. मार्चच्या मध्यात यजमान महाविद्यालयाच्या साठ स्वयंसेवकांनी प्रत्येकी पाच जणांना फोन करावा आणि काय झाले, कुठे अडले, हे त्याच पानाच्या मागे लिहावे. ती ३०० पाने, खर्चाचा तक्ता, पाण्याचा तक्ता आणि समित्यांच्या निर्णयांच्या वह्या एका पेटीत भरून पुढच्या वर्षीच्या यजमान महाविद्यालयाच्या विद्यार्थिप्रमुखाच्या हाती द्याव्यात.